मागचे पाटे

“मग चुकलं कुठं, उस्ताद?”

 दस्तगीर उस्ताद बाजेवर बसून चहा बशीत ओतत होते.

सिद्रामने पुन्हा सगळं सांगितलं. आईच्या पाठीचं ऑपरेशन झालेलं. तपासणीला तिला मिरजेला न्यायचं होतं, आणि जुन्या जीपचे मागचे पाटे, चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, अगदी बसले होते. म्हणून त्याने बाहेरच्या कंपनीचे नवे पाटे आणले आणि दारातच, मोबाइलवर बघून बघून, स्वतः बसवले. बोल्ट अंगातलं सगळं बळ लावून आवळले. तरी गाडी मागून उंच राहिली, करकरू लागली, आणि गल्लीतल्या गटारीवर असा दणका बसला की आई कळवळली. आता ती म्हणते, घरीच मरेन, पण या गाडीत बसणार नाही.

“माल खोटा असेल का?”

“माल चांगलाय.”

“मग?”

उस्तादांनी बशी खाली ठेवली.

“बोल्ट आवळलेस तेव्हा आई कुठं होती?”

सिद्राम गोंधळला. याचा आईशी काय संबंध…

“ओसरीवर. खुर्चीत. मीच म्हटलं, जवळ येऊ नकोस.”

“आणि गाडी?”

“जॅकवर. मागची चाकं वर लोंबत होती. त्याशिवाय हात कसा जाणार?”

उस्ताद हसले. ते हसू सिद्रामच्या जुन्या ओळखीचं होतं. याच हसण्याला कंटाळून त्याने त्यांचं गॅरेज सोडलं होतं. जाताना म्हणालाही होता, नुसतं हसून कुणी शिकत नाही. त्यावरही उस्ताद हसलेच होते.

त्यांनी चपला पायात सरकवल्या.

सिद्रामच्या दारात येऊन त्यांनी गाडीकडे पाहिलंसुद्धा नाही. सरळ ओसरीवर गेले. सिद्रामची आई नको नको म्हणत राहिली. गाडी जागची हलणार नाही, मीही शेजारी बसतो, असं ते तिला समजावत होते. शेवटी ती त्यांच्या हाताला धरून चढली आणि मागच्या सीटवर टेकली. उस्ताद तिच्या शेजारी बसले.

“आता पाट्यांचे बोल्ट सैल कर.”

“तुम्ही उतरा तरी. जॅक लावतो.”

“जॅक नको.”

“पण वजन आहे की वर…”

उस्तादांनी सीटला पाठ टेकली.

सिद्रामने चाकांना दगड लावले आणि सरपटत खाली शिरला. पाट्यांच्या टोकांना रबरी नळीसारखे बूश होते, त्यांच्यातून गेलेले बोल्ट त्याने एकेक करून ढिले केले. रबर पिळल्यासारखं दिसत होतं. शेवटचा बोल्ट ढिला झाला तसा रबराचा पीळ उतरला, गाडी कुरकुरली आणि हळूच खाली बसली.

तो दचकला. बिघडलं की काय?

“वर सगळं ठीक आहे का, उस्ताद?”

वरून आईचा आवाज आला. ती उस्तादांना विचारत होती, तुमच्या नातीचं लग्न ठरलं का.

“आवळ आता,” उस्ताद म्हणाले.

त्याने आवळले. तेच बोल्ट, तोच पाना, तितकंच बळ. बाहेर आला तेव्हा डोक्यात काहीच जुळत नव्हतं.

“उतरा आता दोघं. मी एक चक्कर मारून बघतो.”

“रिकामी गाडी फिरवून काय बघणार?”

आईने सीटची कड घट्ट धरली. सिद्रामने गाडी सुरू केली. गल्लीच्या तोंडाशी ती गटार होती. त्याने श्वास रोखला…

पुढची चाकं उतरली. मागची उतरली. चढली.

करकर नाही. दणका नाही. मागून हूं की चूं नाही.

त्याने आरशात पाहिलं. आईचे डोळे मिटलेले. दुखतंय की बरं वाटतंय, काही कळेना. तिच्या शेजारी उस्ताद खिडकीबाहेर बघत होते.

त्याने गाडी कडेला घेतली आणि मागे वळला.

“उस्ताद… झालं का बरोबर?”

“मला काय विचारतोस?” दस्तगीर उस्ताद म्हणाले. “माझी पाठ दुखत नाही.”