विमानाचा ठसा

“अहो आप्पा, पण यात खोट कुठाय, तेवढं तरी सांगा!”

शलाकाने पोलादाचा ठसा गुरूच्या पुढ्यात आदळलाच.

नाण्यांचे ठसे हाताने कोरणारे आता उरलेत किती? आप्पा पोतदार त्यांतले एक. शलाका त्यांची शिष्या. हात सोन्यासारखा, आणि तोरा त्याहून चार बोटं वर.

एका बाईने एकटीने विमान उडवलं, त्याला शंभर वर्षं होत होती. त्या आठवणीचं हे नाणं. नाणं निवडणाऱ्या समितीने शलाकाचा ठसा दोनदा परत धाडला होता. उद्या शेवटची मुदत, नाहीतर काम दुसऱ्याकडे.

“पंखांमधल्या तारा मोजून घ्या. एक खिळा सोडलेला नाही मी!”

आप्पांनी भिंगाला हातच लावला नाही. मेणाचा गोळा ठशावर दाबला, उचलला, आणि डोळे मिटून त्यावरून अंगठा फिरवला.

“विमान कुठंय?”

“हे काय, समोर!”

“दिसतंय गं. हाताला लागत नाही.”

शलाकाने अंगठा लावला. मेण जवळजवळ सपाट. ठशात जेवढं खोल, नाण्यावर तेवढं उंच, हे या कामात पहिल्या दिवशी शिकवतात. तिलाही शिकवलं होतं.

“इतकं वरवर का कोरलंस?”

“नाजूक काम आहे म्हणून.”

“खरं सांग.”

“गेल्या वर्षी खोल गेले होते. पहिल्याच दाबाला ठसा तडकला. सगळे हसले मला.” तिने तोंड फिरवलं. “पुन्हा फुटला तर, आप्पा?”

आप्पा उठले. टेबलावरच्या कागदांवर एक वजन ठेवलेलं असे, वर्षानुवर्षं. ते त्यांनी तिच्या हातात दिलं.

वजन कसलं, पोलादाचा जुना ठसा तो. मधोमध चिरलेला. चिरेच्या अलीकडे एक पंख, पलीकडे दुसरा.

“हे कुणाचं?”

“माझं पहिलं विमान.”

“अगंबाई! तुमचंसुद्धा?”

शलाका रडता रडता हसली. मग डोळे पुसून तिने कोरणी उचलली आणि आपल्या विमानाच्या पोटाशी टेकवली.

“किती खोल जाऊ, आप्पा?”

“भीती वाटेपर्यंत जा. मग आणखी केसभर.”