शिंकाळ्याच्या चांदण्या

फार फार पूर्वी एका गावाच्या दक्षिणेला समुद्र होता आणि त्या गावात एक तांडेल राहत होता. गलबत हाकण्यात त्याचा हात धरणारं कोणी नव्हतं. आभाळ तर त्याला तोंडपाठ. ध्रुव, व्याध, अगस्ती, सगळ्यांशी जुनी ओळख. पण जो तारा वाट दाखवत नाही, तो त्याच्या लेखी नव्हताच.

तो सफरीवर गेला की त्याची बायको दिवेलागणीला अंगणात बसून दक्षिणेकडे बघायची. बघता बघता तिला खाली पाण्यालगत चार-पाच चांदण्या सापडल्या. इतक्या फिकट, की टक लावून बघितलं तर दिसेनाशा व्हायच्या. दूधभात टांगून ठेवतात ना, तसं काहीसं तिला दिसलं. तिने त्यांचं नाव ठेवलं शिंकाळं.

एका थंडीत तांडेल घरी होता. अंगणात दोर वळत बसला होता.

"अहो, इकडे या ना. माझं शिंकाळं दाखवते. तुम्ही नसता तेव्हा तुमचा भात मी त्यात ठेवलाय, असं मनाशी म्हणते."

तांडेल हसला. "अगं, त्या भुरकट ठिपक्यांवर कोणी गलबत हाकतं का?"

"वाट नाही हो दाखवायची त्याने. तुम्ही नुसतं बघा."

"उद्या बघू," तो म्हणाला. मान काही वर केली नाही.

पुढेही दर थंडीत ती बोलवायची आणि दर वेळी दोर, शीड, नाहीतर कोणी पाहुणा आडवा यायचा. शेवटी तिने बोलावणं सोडलं. तेही त्याच्या ध्यानात आलं नाही, एवढा हुशार माणूस!

मग एका पावसाळ्यात ती तापाने गेली. घर त्याला खायला उठलं. स्वयंपाकघरात शिंकाळं रिकामं लोंबत होतं. ते बघून त्याला सगळं आठवलं.

थंडी पडली, आभाळ निवळलं, तेव्हा तो तिच्या जागी जाऊन बसला. दक्षिणेला फिकट चांदण्या ढीगभर होत्या. यातल्या तिच्या कोणत्या? कधी इथे शिंकाळं वाटे, कधी तिथे.

तो शेजारणीकडे धावला. "तुला तरी तिने दाखवलं असेल ना गं?"

शेजारणीने डोळ्यांना पदर लावला. "किती मागे लागले मी, मामा. ती म्हणायची, आधी ह्यांना दाखवीन, मग तुला."

तांडेल तिथेच मटकन बसला आणि रडला. त्याच्याजवळ आता नुसतं नाव उरलं होतं.

तात्पर्य: आपलं माणूस बोट दाखवून बोलावतं, तेव्हाच मान वर करावी. ते बोट गेलं, की सगळं आभाळ पाठ असूनही काही सापडत नाही.