थाटाची संध्याकाळ

डॉक्टरला हाक मारायला कोणते कपडे घालावे लागतात?

हा प्रश्न एका भावाने एका जहाजावर सगळ्यांना विचारला. कुणीही उत्तर दिलं नाही. म्हणून ही गोष्ट सांगायची.

फार पूर्वी समुद्रावर एका गावाएवढं जहाज फिरत असे. वर पाहुणे राहत. अगदी तळाशी लॉन्ड्री होती. तिथे एक बहीण आणि तिचा धाकटा भाऊ पाहुण्यांच्या कपड्यांना इस्त्री करत. आईवडील नव्हते. बहिणीनेच भावाला वाढवलं होतं. तो तिला आक्का म्हणे. लॉन्ड्रीला खिडकी नव्हती. आक्का हसून म्हणायची, "समुद्रावर राहतो आपण, पण समुद्र बघायचा तर सुट्टी घ्यावी लागते."

जहाजावर दर आठवड्याला थाटाची संध्याकाळ असे. त्या दिवशी पुरुषांनी काळा कोट आणि गळ्यात काळा बो घालायचा, बायकांनी जरीचं नेसायचं, तरच मोठ्या दालनात जेवायला प्रवेश. दालनाच्या चंदेरी दारात एक दरवान उभा असे. माणूस वाईट नव्हता. रोज लॉन्ड्रीत येऊन चहा प्यायचा. त्याची कॉलर आक्काच कडक करून द्यायची.

अशाच एका संध्याकाळी कोटांचा ढीग संपत आला आणि आक्का छाती धरून खाली बसली. तिला श्वास घेता येईना. भाऊ दवाखान्याकडे पळाला. दवाखाना बंद होता. डॉक्टर जेवायला गेले होते. तो तसाच चंदेरी दाराशी गेला. अंगात बनियन, घामाने भिजलेलं.

दरवानाने हात आडवा घातला. "असा कुठे निघालास? आज थाटाची संध्याकाळ आहे."

"डॉक्टर आत आहेत ना? आक्का पडलीय. तिला श्वास घेता येत नाही."

"मग कोट घालून ये. नियम काही मी केला नाही."

"काका, तुम्ही आत जाऊन सांगा ना."

"दार सोडलं तर नोकरी जाईल माझी. तुमच्याकडे कोटांना काय तोटा? जा, पटकन घालून ये."

भाऊ भांडला नाही. भांडण्यातही वेळ जाईल असं त्याला वाटलं. तो सगळे जिने उतरून खाली आला आणि हाताला लागला तो कोट अंगात चढवला, गळ्यात बो अडकवला. आक्का भिंतीला टेकून बसली होती. तिने डोळे उघडले.

"कुणाचा रे हा?" ती धापा टाकत म्हणाली. "नवरदेव दिसतोस."

"आक्का, बोलू नकोस. डॉक्टरांना आणतो."

"गुंडी लाव वरची. नाहीतर परत पाठवतील."

त्याने गुंडी लावली आणि पुन्हा जिने चढला.

दरवानाने या वेळी कोट पाहिला आणि कमरेत वाकला. "या साहेब. सूप आत्ताच वाढलंय." चेहरा त्याने पाहिलाच नाही.

आत सगळीकडे काळे कोट. सगळ्यांच्या गळ्यात तोच बो. भावाने डॉक्टरांना नेहमी पांढऱ्या कोटात पाहिलेलं. त्या गर्दीत ते ओळखायचे कसे? त्याने एकाला विचारलं, "तुम्ही डॉक्टर का?"

"मी हिऱ्यांचा व्यापारी आहे," तो म्हणाला.

दुसऱ्याने त्याच्या अंगावरचा कोट निरखला. "हा माझा कोट आहे. काढ आधी."

एक बाई म्हणाली, "हळू बोला, गाणं चाललंय."

तेव्हा भाऊ दालनाच्या मधोमध उभा राहून ओरडला, "डॉक्टर कोण आहे?"

गाणं थांबलं. अगदी दाराजवळच्या, पहिल्या टेबलावरून एक माणूस उठला. दरवानाच्या पाठीमागे हाताच्या अंतरावर तो बसला होता. दरवानाने नुसती मान वळवून हाक मारली असती तरी त्याला ऐकू गेली असती.

डॉक्टर खरंच धावले. पण ते खाली पोहोचले तेव्हा आक्का गेली होती.

"आधी का नाही बोलावलंस?" डॉक्टर म्हणाले. "थोडं आधी यायला हवं होतं."

मग भावाने तो प्रश्न विचारला. डॉक्टरांना विचारला. दरवानाला विचारला. कप्तानाला विचारला. कोटाच्या मालकालाही विचारला. डॉक्टरांनी बो सोडून हातात घेतला. दरवान म्हणाला, "मी नियम पाळला." कप्तान म्हणाला, "नियम फक्त जेवणापुरता होता." कोटाचा मालक म्हणाला, "कोट राहू दे तुझ्याकडे."

बंदर जवळ आलं. सगळ्यांना आता फार वाईट वाटत होतं. कप्तानाच्या बायकोने जरीचा शालू पाठवला. "तिला हा नेसवा," कप्तान म्हणाला. "मागच्या जिन्याने तिला बंदरावर उतरवू. पाहुणे काळे कोट घालून निरोपाला उभे राहतील."

"शालू परत न्या," भाऊ म्हणाला. "आणि मागचा जिना नको."

त्याने इस्त्री तापवली. आक्काचं रोजचं लुगडं पसरलं, पदराला ठिगळ असलेलं, आणि त्याची एकेक घडी इस्त्री केली. जहाजावर झाडलोट करणाऱ्या बायकांनी ते तिला नेसवलं. मग चार खलाशांनी तिला खांद्यावर उचललं आणि भाऊ पुढे होऊन सगळे जिने चढत चंदेरी दाराशी आला. त्याच्या अंगात तेच बनियन होतं.

"काका," तो दरवानाला म्हणाला, "ही अशीच आहे. सोडता का?"

दरवानाने दाराच्या दोन्ही फळ्या उघडल्या. भावाने आक्काला दालनाच्या मधोमध नेलं, सगळ्या टेबलांमधून, आणि पलीकडच्या दाराने उघड्यावर आणलं. समोर समुद्र होता. तिथे त्याने खांदेकऱ्यांना थोडा वेळ थांबायला सांगितलं.

तात्पर्य एवढंच: दाराशी कुणी धावत आलं तर आधी काय झालं ते विचारा. त्याने काय घातलंय ते नंतर बघता येतं.