टेबलावरची कुपी

“पण सर, तेव्हा तुम्ही सुई का लावली नाहीत?”

दिवाण सरांच्या हातात त्या वेळी सुईच होती. शर्टाचं बटण तुटलं होतं आणि दोरा काही केल्या सुईत जात नव्हता.

“आधी हा ओवून दे,” सर म्हणाले. “मग भांड.”

डॉ. वैजयंती सुलाखे ओट्याच्या पायरीवरच बसल्या. पहाटे पुण्याहून निघून त्या अंबाजोगाईला आल्या होत्या. अजून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. त्यांनी सरांच्या हातातून सुई घेतली, दोऱ्याचं टोक ओठांत ओलं केलं आणि एका झटक्यात ओवलं.

“हात अजून स्थिर आहे तुझा.”

“सर, मी काहीतरी विचारलं.”

“ऐकलं. कान शाबूत आहेत. डोळेच तेवढे गेलेत.”

वैजयंतीबाईंनी पर्समधून काचेची एक कुपी काढली आणि दोघांच्या मध्ये ठेवली. करंगळीएवढी कुपी. तळाशी पांढुरके दोन तुकडे.

सरांनी ती उचलली नाही. पण ओळखली.

विद्यापीठात एम.एस्सी. करताना वैजयंती सरांच्या प्रयोगशाळेत काम करायची. प्रथिनाचा स्फटिक मिळवायचं काम. म्हणजे खरं तर वाट पाहण्याचं. काचेवर एक थेंब टांगायचा, तो झाकायचा आणि मग त्याला हलवायचं नाही. बहुतेक थेंबांत काहीच येत नाही. तिच्याही थेंबांत कितीतरी महिने काही आलं नव्हतं. मग एके सकाळी आलं. सरांनी सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बराच वेळ पाहिलं आणि “छान” एवढंच म्हणाले.

त्या ‘छान’वर ती बंगळूरला गेली. पीएच.डी. झाली. जर्मनीला गेली. परत येऊन पुण्यात स्वतःची प्रयोगशाळा उभी केली. तो पहिला स्फटिक तिनं कुपीत घालून सगळीकडे बरोबर नेला. तिच्या टेबलावर पाहुण्यांना आधी ती कुपी दिसायची, मग ती.

“मागच्या आठवड्यात उघडली,” बाई म्हणाल्या. “सुई लावली.”

“मग?”

“टक्क.”

सरांनी दोऱ्याला गाठ मारली.

त्या एका शब्दात दोघांना सगळं कळलं होतं. प्रथिनाचा स्फटिक बराचसा पाण्याचाच असतो. सुईचं टोक जरा दाबलं की तो खव्यासारखा चुरतो. मिठाचा चुरत नाही. तो टणक असतो, टक्क वाजतो आणि फार तर दोन तुकडे होऊन बाजूला उडतो. द्रावणातलं साधं मीठसुद्धा कधीकधी सुंदर स्फटिक होऊन बसतं. म्हणून सुई. जो मोडतो तो खरा, हा या कामातला पहिला धडा.

“तुम्हाला माहीत होतं?”

“पाहिलं तेव्हाच. फार झळाळत होता. कडाही जरा जास्तच नीट होत्या.”

“आणि तुम्ही छान म्हणालात!”

“छानच होता की. मीठ वाईट दिसतं असं तुला कुणी सांगितलं?”

बाई हसल्या नाहीत.

“जन्मभर मी मीठ मिरवलं, सर. भाषणांत. मुलाखतींत. प्रथिनाचा स्फटिक कोरड्या कुपीत इतकी वर्षं टिकत नाही, हे मी दर वर्षी नव्या मुलांना शिकवते. आणि स्वतःच्या टेबलावर…”

“कधी मनात आलं नाही?”

“ज्याची पूजा करतो त्याला सुई कोण लावतं?”

सरांनी आता कुपी उचलली. झाकण काढून त्यांनी आत बोट घातलं आणि ते बोट जिभेकडे नेलं.

“अहो सर! स्वयंपाकाचं मीठ नाही ते!”

“असं होय. सकाळची भाजी अळणी झाली होती म्हणून म्हटलं.”

त्यांनी बोट धोतराला पुसलं. कुपीचं झाकण मात्र उघडंच ठेवलं.

“तो दिसला त्या दिवशी तू काय केलंस, आठवतं?”

“नवे थेंब लावले. सगळी पेटी भरून.”

“आणि आदल्या दिवशी?”



“आदल्या दिवशी… होल्डॉल बांधून ठेवला होता. सकाळच्या गाडीनं घरी जाणार होते. कायमची.”

“वसतिगृहाच्या दारात दिसला होता मला. तुझा तो हिरवा होल्डॉल.”

“तुम्ही कधी बोलला नाहीत.”

“तू गेली नाहीस. मग काय बोलायचं?”

अंगणात कुणाची तरी शेळी शिरली होती. सरांनी हुश् केलं. तिनं ऐकलं नाही.

“त्या नव्या पेटीतून पुढे जो आला,” सर म्हणाले, “तो कसा होता?”

“तो खरा होता. तुम्ही माझ्याच हातात सुई दिलीत. चुरला. मी रडायला लागले आणि तुम्ही पेढे मागवलेत.”

“तो कुठाय?”

“त्याच्या शेजारचे क्ष-किरणांखाली तपासताना संपले. एकही उरला नाही.” त्यांनी कुपीकडे पाहिलं. “उरला तो हा.”

सर बटणाच्या एका भोकातून सुई काढून दुसऱ्यात घालत होते. त्यांना वेळ लागत होता. बाईंचा हात दोनदा पुढे झाला आणि दोनदा मागे आला.

“मी असं कुणाला कधी सोडलं नाही, सर. माझ्याकडे नियमच होता. थेंबात काही दिसलं की त्याच दिवशी सुई. सगळ्यांसमोर. मुलं मला मागे सुईबाई म्हणतात.”

“आणि तोंडावर?”

“मॅडम.”

“म्हणजे चांगलीच घाबरतात.”

“प्रयोगशाळेचं नाव झालं ते त्यामुळेच,” बाई जरा ताठ होत म्हणाल्या. “आमच्याकडून चुकीचं काही बाहेर गेलं नाही. कधीच नाही.”

“बरं झालं.” सर सुईकडे पाहत होते. “कुपी का उघडलीस?”

बाईंनी पर्सचा बंद बोटाला गुंडाळला.

“इतकी वर्षं उघडली नाहीस. आत्ताच का?”

“…केतकीमुळे.”

“कोण ही?”

“माझी विद्यार्थिनी. शेवटची. मी निवृत्त होणार, प्रयोगशाळा दुसऱ्याकडे जाणार. केतकी वाघचौरे. परभणीची. आली त्या पहिल्याच दिवशी माझ्या टेबलापाशी उभी राहिली आणि म्हणाली, मॅडम, हा कोरडा राहूनही तडकला कसा नाही?”

“अरे वा!”

“सगळे ऐकत होते, सर.”

“म्हणून म्हटलं, अरे वा.”

बाईंनी पदर उगाच सारखा केला.

“मग तिच्या थेंबात स्फटिक आला. खूप वाट पाहून आला. धावत आली सांगायला. म्हणाली, मॅडम, एकच आहे, आजचा दिवस राहू द्या, उद्या सुई लावू. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. सगळ्यांना बोलावलं आणि लावली.”

“टक्क?”

“टक्क.”

“आणि काय म्हणालीस?”

बाईंचा आवाज खाली गेला.

“म्हटलं… एवढ्या काळात मीठच पिकवलंस? मग घरी जा आणि लोणची घाल.”

शेळीनं तुळशीला तोंड लावलं. या वेळी सरांनी हुश् केलं नाही.

“मुलं हसली?”

“हसली. मी हसवलं म्हटल्यावर हसणारच. ती हसली नाही. ओठ दाबून उभी राहिली, मग तिथेच खाली बसली. दुसऱ्या दिवशी आलीच नाही. तिची जागा मी पुसून घेतली, तेव्हा ड्रॉवरमध्ये तिचा डबा तसाच होता. धुवायचा राहिलेला.”

“फोन केलास?”

“आई उचलते. म्हणते, केतकी दळणाला गेलीय. रोज दळण असतं का हो कुणाकडे?”

“राग होता का गं तुझ्या मनात? त्या पहिल्या दिवसाचा?”

“नियमात राग नसतो, सर.”

सर शिवत राहिले. बाई कुपीकडे बघत राहिल्या. ऊन पायरीवरून त्यांच्या पायांपर्यंत आलं.

“होता,” त्या म्हणाल्या.

सरांनी मान हलवली. बरोबर की चूक, ते त्यात नव्हतं.

“परभणी इथून लांब नाही,” ते म्हणाले.

“जाऊन काय सांगू? माझाही मीठच होता, म्हणून परत ये? कोणत्या तोंडानं जाऊ?”

“हेच एक आहे तुझ्याकडे.”

बाईंचे डोळे भरले होते, पण त्यांनी पाणी खाली येऊ दिलं नाही. पर्स बंद केली. मग पुन्हा उघडली. आणि जणू इतक्या लांबून हेच सांगायला आल्यासारख्या एकदम म्हणाल्या,

“पण खरं सांगू का, सर? थोडी कच्चीच होती ती. या कामात टणक राहावं लागतं. मला जर्मनीत काय काय ऐकावं लागलं, मी कधी हूं की चूं केलं नाही. माझ्यावर एक ओरखडा उमटला नाही. मी टिकले. आणि ही पोरगी… एका वाक्यात मोडली.”

सरांचा हात थांबला.

“मोडली?”

“हो. उभ्या उभ्या चुरा झाला तिचा.”

सरांनी दोरा दातांनी तोडला. सुई रिळात खोचली. कुपीचं झाकण लावून ती वैजयंतीच्या तळहातावर ठेवली आणि तिची बोटं आपल्या हातानं मिटवली.

“मग खरी होती गं ती.”