निशिकांतचा उपास

“...मग मलाच तो का भेटत नाही, बाबा?”

दाविदबाबा शेंगोळे वळत बसले होते. हात न थांबवता त्यांनी विचारलं, “कोण?”

“प्रभू. दुसरं कोण!”

निशिकांत भांबळ हा पुण्याला धर्मशास्त्र शिकून पहिला आलेला तरुण पाळक. त्याचा उपदेश ऐकायला आसपासच्या गावांतून मंडळी यायची. लहानपणी त्याला प्रार्थना शिकवली ती याच दाविदबाबा उजगऱ्यांनी. आता ते निवृत्त होऊन माळावरच्या छोट्या चर्चमागं, दोन खोल्यांत एकटेच राहत.

“माझ्या उपदेशानं माणसं रडतात,” निशिकांत म्हणाला. “कुणी म्हणतं शांती लाभली, कुणी म्हणतं प्रभूनं हात धरला. आणि मी वेदीवरून उतरतो तो कोरडा ठणठणीत. मी नुसता वाढप्या झालोय, बाबा. पंगत जेवून उठते, मी उपाशी.”

“मग जेव.”

“थट्टा नको...” त्याचा आवाज चढला. “तो माझ्याशी बोलल्याशिवाय आता मी अन्नाला शिवणार नाही. इथंच वेदीपुढं बसेन.”

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं. पिठाचे हात झटकले.

“बस की. पाणी तेवढं पीत जा.”

निशिकांत बसला. गुडघे टेकले, स्तोत्रं म्हटली, विनवण्या केल्या. मधूनच बाबा यायचे, तांब्या भरून ठेवायचे, मागच्या बाकावर थोडा वेळ टेकायचे आणि निघून जायचे.

वेदी गप्प. क्रूस गप्प.

निशिकांतची जीभ सुकली, पण हट्ट सुकला नाही. एवढा उपास या पंचक्रोशीत कुणी केला असेल का, असाही विचार त्याच्या मनात येऊन गेला.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळच्या प्रार्थनेची घंटा झाली. एकच टोल, तोही अर्धवट...

तो उठून बाहेर धावला. बाबा घंटेचा दोर धरून भिंतीला टेकले होते. ओठ पांढरे पडलेले.

“काय झालं? बीपीची गोळी घेतली नाहीत?”

“घेतली... चक्कर आली जराशी.”

त्यानं त्यांना उचललंच. अंगात काही वजनच नव्हतं. खोलीत आणून खाटेवर निजवलं आणि चुलीकडं वळला. शेंगोळ्यांचं पातेलं भरलेलं, तसंच. शेजारी भाकरी वाळून कडक झालेली.

“बाबा, तुम्ही जेवला नाहीत? परवापासून?”

“तू तिथं उपाशी,” बाबा ओशाळून म्हणाले, “माझ्या घशाखाली कसा उतरावा रे घास?”

निशिकांतनं चूल पेटवली. दूध तापवलं, भाकरी कुस्करून त्यात भिजवली, गूळ घातला. मग बाबांचं डोकं मांडीवर घेऊन पहिला घास त्यांच्या ओठांशी नेला.

बाबांनी ओठ मिटून घेतले. बोटानं त्याच्याकडं खूण केली. आधी तू.

“बाबा, माझा नेम...”

ओठ मिटलेलेच.

त्यानं घास स्वतःच्या तोंडात घातला. दुसरा बाबांना दिला. मग तसंच चाललं, एक त्याला, एक बाबांना. हनुवटीवर ओघळलेलं दूध तो सदऱ्याच्या बाहीनं पुसत होता. बाबांच्या गालांवर हळूहळू रंग येत होता, आणि तो तेवढाच बघत होता. आपण इथं कशासाठी आलो होतो, हे त्याला आठवतही नव्हतं.

वाटी सरत आली तेव्हा आठवलं. हात तसाच थांबला.

“बाबा... माझा उपास मोडला.”

“हं.”

“आणि तो तर एक अक्षरही बोलला नाही.”

बाबांनी तोंडातला घास सावकाश चावला, गिळला. त्याच्या गालावरून हात फिरवला.

“तू भरवत होतास ना, लेकरा... भरल्या तोंडानं तो बोलणार कसा?”