पाठ टेकायची नाही

तालमीत पाठ टेकायची नाही. जोर मारून दम लागला तर बैठका मारायच्या. बैठकांनी मांड्या भरून आल्या तर कुस्तीच्या हौद्यातली माती उकरायची. बसायचं नाही, आडवं तर मुळीच व्हायचं नाही. आणि का, ते विचारायचं नाही.

तनुजाला हे पहिल्याच दिवशी बजावलं होतं. बजावणारे तालमीचे पंच तेव्हा कट्ट्यावर बसून चहा पीत होते.

“मग मी पडले कशी, वस्ताद?”

हैबती वस्ताद हौद्याच्या कडेला उभे होते. म्हातारे, कान मोडलेले, आवाज बारीक.

“कोण पडलं?”

“मी! आत्ता, तुमच्यासमोर! माझ्याहून हलक्या, नवख्या पोरीनं उचलून आपटलं मला. महिनाभर मी एक दिवस सोडला नाही. सगळ्यांच्या आधी येते, सगळ्यांच्या नंतर जाते. उद्या जिल्ह्याची निवड आहे, वस्ताद! अजून काय करू, ते सांगा. लगेच करते.”

“लगेच?”

“हो!”

“झोप.”

“...काय?”

“आडवी हो म्हटलं.”

“थट्टा करू नका. मी थकत नाही.”

“हात पुढं कर.”

तिनं केला. बोटं थरथरत होती. तिनं मूठ वळली. मूठही थरथरली.

“थंडी आहे,” ती म्हणाली.

“वैशाखात?”

तिनं मूठ पाठीमागं नेली.

वस्ताद हौद्यात उतरले. उभ्या आयुष्यात त्यांची पाठ कुणी मातीला लावली नव्हती. हे पंचच गावोगाव सांगत फिरायचे. वस्तादांनी डोक्याचा पटका सोडला, गुंडाळून उशाला घेतला आणि तांबड्या मातीत सरळ उताणे झाले.

कट्ट्यावर एका पंचाच्या हातून कप पडून फुटला.

“वस्ताद! अवो... पाठ! पाठ लागली!”

“व्हय. लय बरं वाटतंय.”

तनुजा खाली वाकली. “उठा ना. सगळे बघताहेत.”

“पाठ लावली की काय म्हणतात गं आपल्यात?”

“आस्मान दाखवलं म्हणतात.”

“मग ते दुसऱ्यानं दाखवायची वाट कशाला बघायची?”

तनुजाला हसू फुटलं. महिनाभरात पहिल्यांदा. हसता हसताच ती वस्तादांशेजारी आडवी झाली.

माती गार होती. पाठीचा एकेक मणका मातीत उतरत गेला. छाती हलगीसारखी वाजत होती. वर उघडं आभाळ, आणि त्यात काहीच नाही. इतकं मोठं काहीच नाही तिनं कधी पाहिलंच नव्हतं! तिला ओरडावंसं वाटलं.

ओरडले मात्र दाजीबा पंच.

“ए पोरी! ऊठ आधी! म्हातारा चळला, तू पण चळलीस?”

“नियम का आहे, आबा?”

“इचारायचं न्हाई म्हणून सांगितलंय न्हवं?”

“तुम्हाला तरी ठाऊक आहे का?”

दाजीबांनी शेजारच्या पंचाकडं बघितलं. शेजारच्यानं किटलीकडं.

“लय शिकलीस म्हणून जीभ चालवू नगं! उठतीस का न्हाई? न्हाईतर उद्या तुला पाठवत न्हाई. घरात बस!”

या एका उद्यासाठी तिनं घरच्यांशी भांडण घेतलं होतं, केस कापले होते, कॉलेजातल्या मैत्रिणी मागं सोडल्या होत्या. उठून उभं राहिलं की सगळं पुन्हा जागच्या जागी येणार होतं. फक्त उठायचं होतं.

तिनं वस्तादांकडं पाहिलं. वस्तादांचे डोळे मिटलेले.

“नाही उठणार,” तनुजा म्हणाली.

“काय?”

“नका पाठवू मला. माझ्या वजनाची दुसरी पोरगी तालमीत नाही, तेव्हा तुम्हीच जा लढायला, आबा. पण आधी वजनकाट्यावर उभे राहा. माझ्या गटात बसताय का, तेवढं बघा.”

दाजीबांनी सुटलेल्या पोटावरचा सदरा खाली ओढला. चहावर साय धरत गेली.

वस्तादांनी डोळे उघडले नाहीत.

“कुस्ती मारलीस, पोरी. आता गप झोप.”