उजवी पाकळी

डोक्यावर टोपी असेल तर काढून मांडीवर ठेवा. आमच्या सावरखिंडीत आवडाईची गोष्ट उघड्या डोक्यानं ऐकायची रीत आहे. आमचं गाव तसं बढाईखोर. गुळाची गोष्ट काढा, पैलवानांची काढा, भैरोबाच्या पालखीची काढा, आम्ही सांगत सुटतो आणि ऐकणाऱ्याला उठू देत नाही. ही एकच गोष्ट आम्ही मान खाली घालून सांगतो. लाज वाटते म्हणून सांगू नये असंही कधी कधी मनात येतं, पण लाज वाटते म्हणूनच सांगायची, अशी आम्हाला जुन्या लोकांची आण आहे.

तर फार फार वर्षांपूर्वी, खिंडीतून गाडीरस्ताही झाला नव्हता तेव्हा, गावाच्या वरच्या अंगाला ओढ्याकाठी आवडाई राहायची. ती वैदीण होती. तिचा हात फिरला की रडतं मूल गप व्हायचं, असं म्हणतात. साप तिच्या उंबऱ्यावरून जाताना फणा खाली घालायचा, असंही म्हणतात. आमच्या गावचा साप कुणापुढे मान खाली घालेल असं मला वाटत नाही, पण म्हणतात खरं.

एकदा तापानं फणफणलेला एक गोसावी तिच्या दारात पडला. तिनं त्याला उभं केलं, आणि जाताना त्यानं झोळीतलं मूठभर बी तिच्या पदरात टाकलं. त्याची झाडं उगवली ती गांजाची. आवडाई त्यांना त्या नावानं हाक मारत नसे. ती म्हणायची, थोरली पालवी. चिलमीत भरायला तिनं त्यातलं पान कधी कुणाला दिलं नाही. ज्याच्यापुढे बाकीची सगळी औषधं हरली, त्यालाच ती पानं तुपात कढवून बोटाच्या टोकावर मावेल एवढं चाटण द्यायची. वर्षातून एकदा, महाशिवरात्रीला, तीच पानं भैरोबाच्या भांगेत पडायची. सगळा गाव तो प्रसाद प्यायचा आणि संध्याकाळभर विनाकारण हसत बसायचा. तेव्हा कुणाला त्या झाडात काही वाईट दिसलं नाही.

मग जिऊ सुताराच्या पोटात गाठ झाली.

जिऊ म्हणजे देवळाचा सुतार. पालखी त्याची, सभामंडपाचे खांब त्याचे. त्या साली तो गाभाऱ्याला नवं दार करत होता. पोटातली गाठ वाढत गेली तशी त्याच्या पोटात पेजही ठरेना. देवळाच्या पायऱ्या उतरल्या की पहिलं घर त्याचं, त्यामुळे त्याचं कण्हणं आरतीतसुद्धा ऐकू यायचं. आवडाईनं त्याला चाटण दिलं. दुसऱ्या दिवशी जिऊ वाटीभर पेज प्याला, ती ठरली, तो झोपला, आणि उठल्यावर त्यानं बायकोकडे रंधा मागितला. अंगणात बसून त्यानं दाराची एक फळी घासून लोण्यासारखी गुळगुळीत केली. गाठ काही गेली नाही. ती जाईल असं आवडाईनंही कधी सांगितलं नव्हतं.

त्याच शिमग्यात गावातल्या चार टारगट पोरांनी आवडाईच्या परसातली पानं चोरली आणि चिलीम ओढली. एक जण त्या तारेत देवळाच्या दीपमाळेवर चढला, पडला, आणि त्याचा पाय मोडला. झालं. सर्जेराव पाटलांनी गावकी बोलावली.

पाटील वाईट माणूस नव्हता. हे मुद्दाम सांगतो, कारण वाईट माणसावर खापर फोडणं फार सोपं असतं. पाटलाचा धाकटा भाऊ शिदोजी असाच चिलमीच्या नादी लागून गोसाव्यांच्या मागे निघून गेला होता. तो परत आला नाही. त्यांची आई खिंडीकडे डोळे लावून गेली. त्या पानाचं नाव निघालं की पाटलाला आईचे डोळे दिसायचे.

देवळात सगळा गाव जमला. पाटील म्हणाले, "आवडाई, तुझ्याबद्दल माज्या मनात काय वाकडं न्हाई. पर माजा भाऊ ह्या पाल्यानं नेला. आज तू मरत्या मान्साला देतीस, उद्या जित्या पोरांस्नी कोन आवरनार?"

"आन् औषद हाय म्हटलं," मागून कुणीतरी बोललं, "की उद्या समद्या गावाचं पोट दुखाय लागंल." लोक हसले.

आवडाई हसली नाही. ती म्हणाली, "भ्या मलाबी वाटतं, पाटील. एकदा माज्या हातनं जास्त गेलं, तर म्हातारी दिसभर भितीसंगं बोलत बसली हुती. ते पान साधं न्हाई. पोरं चोरत्यात तर माज्या परसाला कुंपन घाला, राखन बसवा. पर ते कुंपन जिऊच्या तोंडाला घालू नगा."

मग जिऊची बायको भागू उठली. बाईमाणसानं गावकीत बोलायची तेव्हा रीत नव्हती, पण तिला कुणी अडवलं नाही. हात जोडून ती एवढंच म्हणाली, "तुमच्यातल्या कुनीबी येऊन वाईच त्यांच्यापाशी बसा. गावकी ठरवंपतूर पान तोडायचं न्हाई म्हनून आवडाईचं चाटन संपलंय कालपासनं. बसा आन् मग काय ठरवायचं त्ये ठरवा."

घर पायऱ्यांखाली होतं. कुणी उठलं नाही. एकानं म्हटलं, आता कौलच लावू.

कौल म्हणजे काय ते लहानग्यांसाठी सांगतो. देवापुढे प्रश्न ठेवायचा आणि देवाच्या मूर्तीला दोन्ही बाजूंना चाफ्याची ओली पाकळी चिकटवायची. उजवी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. गावकीला जे ठरवता येत नाही, ते देव ठरवतो. खरं तर जे ठरवायची हिंमत होत नाही ते, पण असं देवळात कुणी बोलत नाही.

राणू गुरवानं पाकळ्या लावल्या. गाऱ्हाणं घातलं: देवा, हे झाड गावात राहू दे म्हणतोस तर उजवी दे, नको म्हणतोस तर डावी दे. सगळे मूर्तीकडे बघत बसले. पाकळ्या पडेनात. ऊन डोक्यावर आलं, समईतलं तेल संपत आलं, लोकांच्या पोटात कावळे ओरडू लागले. खालून जिऊचं कण्हणं सुरू झालं आणि हळूहळू त्याचं ओरडणं झालं. दोन्ही पाकळ्या जागच्या हलल्या नाहीत.

राणू समईत तेल घालायला वाकला. त्याच्या खांद्यावरच्या उपरण्याचा शेव घसरला, मूर्तीला घासला, आणि डावी पाकळी पडली.

सगळ्यांनी बघितलं. राणूनं मुद्दाम केलं की चुकून झालं, हे आजवर कुणाला कळलं नाही. त्यालाही कळलं नसावं. पण उपरणं सगळ्यांनी बघितलं होतं. आवडाईनं एकेकाच्या तोंडाकडे बघितलं. ती फार वेळ बघत राहिली. प्रत्येकाला वाटलं, शेजारचा बोलेल. शेजारचा घरी काय जेवण असेल याचा विचार करत होता.

"देवानं काय सांगितलं त्ये तुमी बगितलंय," आवडाई म्हणाली, आणि पायऱ्या उतरून जिऊकडे गेली.

त्या दुपारी झाडं उपटली आणि ओढ्याच्या कोरड्या पात्रात जाळली. असं म्हणतात की तो धूर कुठेच न जाता सरळ जिऊच्या घराकडे वळला, आणि धूर होता तेवढा वेळ जिऊ गप होता. मग धूर विरला. त्यानंतर जे सुरू झालं ते ऐकवत नव्हतं. आमच्या बायकांनी अवेळी जाती फिरवायला सुरुवात केली, म्हणजे घरघरीत त्याचा आवाज बुडावा. दळायला धान्य नसलं तरी रिकामी जाती फिरवली. पुरुषांनी आरती लांबवली, घंटा जोरजोरात वाजवली. देवाचं नाव आम्ही इतक्या मोठ्यानं कधीच घेतलं नव्हतं, आणि ते कशासाठी घेतोय ते सगळ्यांना ठाऊक होतं. सगळा वेळ आवडाई जिऊचा हात धरून बसली होती. जिऊ गेला तेव्हा दाराची एकच फळी घासून झाली होती.

आता पुढचं ऐका. कौल लावला त्याच्या दुसऱ्या दिवशी राणू गुरव देवाला अंघोळ घालायला गेला, तर उजवी पाकळी निघेना. त्यानं पाणी ओतलं, दूध ओतलं, नखानं खरवडलं. पाकळी पांढरीशुभ्र, आत्ताच झाडावरून काढावी तशी. दिवस गेले, पाऊस झाला, वर्ष फिरलं, पाकळी तिथंच. ती सुकली नाही आणि पडली नाही.

पाकळी आधीच लागलेली असताना नवा कौल लावता येत नाही. पेरणीचा मुहूर्त खोळंबला, लग्नं खोळंबली, पालखी निघेना. आमची माणसं शेजारच्या गावच्या देवाकडे कौल मागायला जाऊ लागली. तिथले विचारत, तुमच्या देवाला काय झालं? आम्ही म्हणायचो, आमचा देव हल्ली बोलत नाही. तो बोलत होता. ऐकायचं कुणाला होतं?

अशी बरीच वर्षं गेली. ज्यांनी उपरणं बघितलं होतं ते म्हातारे होऊ लागले, आणि सर्जेराव पाटलांच्या पोटात गाठ झाली. जिऊला झाली होती तिथंच, असं म्हणतात.

पाटलाचा मुलगा आवडाईकडे धावत गेला. ती आता इतकी थकली होती की तिच्या सुरकुत्यांत डोळे शोधावे लागायचे. त्यानं तिचे पाय धरले. "आजी, एखादं बी तरी असंल की गं कुटं?" आवडाईनं पदर उघडून दाखवला. त्यात काही नव्हतं. जाळल्यापासून ती दर पावसाळ्यात ओढाकाठ धुंडाळत होती. झाड पुन्हा उगवलं नव्हतं.

पाटलाला हे कळलं तेव्हा त्यानं आपली बाज देवळात न्यायला सांगितली. सगळा गाव जमला. आवडाई पायऱ्या चढून आली आणि बाजेशेजारी बसली. पाटील मूर्तीकडे बघत म्हणाला, "पाकळी देवानं पाडली न्हाई. राणूच्या उपरन्यानं पाडली. म्या बगितलं. म्या गप बसलो, कारन मला ती पडायलाच पायजे हुती. माज्या आईसाटनं मला ती पडायला पायजे हुती, आन् त्ये दुखनं म्या जिऊच्या आंगावर टाकलं."

मग एक म्हातारा टोपी काढून म्हणाला, "म्याबी बगितलं." मग दुसरा म्हणाला, मग तिसरा. राणू गुरव खांबाला डोकं लावून रडत होता. शेवटी उरला तोही म्हणाला, आणि तेवढ्यात उजवी पाकळी मूर्तीवरून सुटली आणि अलगद पायाशी पडली.

देवानं होकार दिला, आणि द्यायला गावात एक पान नव्हतं.

पाटील फार तळमळत गेला. आवडाईनं त्याचा हात सोडला नाही. तो लाजेनं ओठ चावून आवाज दाबायचा तेव्हा ती म्हणायची, "वरड लेकरा, वरड. म्या हाय हितं." या खेपेला गावात जातं फिरलं नाही. पाळ्या लावून घराघरातलं माणूस त्याच्यापाशी येऊन बसलं. या खेपेला आवडाईला ते सांगावं लागलं नाही, भागूनं गावकीत कधीच सांगून ठेवलं होतं. पाटील गेल्यावर आवडाई ओढ्यानं वर चालत गेली ती परत दिसली नाही. तिच्या पावलांशी अजून पालवी फुटते, पण ती शोधणाऱ्याला दिसत नाही, असं म्हणतात.

तेव्हापासून आमचा गुरव कौल लावायच्या आधी उपरणं काढून उंबऱ्याबाहेर ठेवतो. गाभाऱ्याचं दार तसंच आहे, एक फळी गुळगुळीत, दुसरी खरखरीत. ती घासायची नाही असं ठरलंय. आत जाताना आम्ही खरखरीत फळीवर हात फिरवतो, आणि कधी कधी लाकडाची कूस बोटात टोचते. आणि आजाऱ्याच्या दुखण्याचा कुठलाही प्रश्न गावापुढे आला, तर आधी घरटी एका माणसानं त्याच्यापाशी जाऊन बसायचं, मग बोलायचं. त्याला आम्ही आवडाईचं बसणं म्हणतो.

हल्ली शहराकडे त्याच पानावरून वाद चाललाय. औषध म्हणून परवानगी द्यावी की देऊ नये, यावर टीव्हीवर माणसं भांडतात. आमच्या पारावरही दोन तट आहेत, आणि दोघांचंही काही खोटं नाही. शिदोजी आमचाच होता आणि जिऊही आमचाच. पण कुणी तावातावानं बोलायला लागला, या बाजूचा असो की त्या, की पारावरचं एखादं म्हातारं माणूस त्याला हळूच विचारतं, "बसून आलास का?"

बहुतेक जण गप होतात आणि मान खाली घालतात. मग आम्हीही घालतो.